काडी आत गेलीच नव्हती

माझं काम लोकांच्या नाकात काडी घालायचं. पाहुण्यांत कुणी विचारलं तर आई "लॅबमदी हाय" एवढंच सांगून विषय बदलते, पण खरं काम तेच. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी सगळं बघते, पण कोविडपासून नाकाचा स्वॅब म्हटलं की आमचे शेठ मलाच हाक मारतात. "बेटा, तेरा हाथ सीधा जाता है," असं त्यांचं म्हणणं. हात सरळ जातो म्हणजे काडी वर कपाळाकडे न चढता आडवी, कानाच्या दिशेने आत जाते. नाकपुडीपासून कानापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्मी तरी ती आत गेली पाहिजे. माणूस कळवळतो, माझं मनगट धरतो, क्वचित शिवीही देतो. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. नवीन मुलींना मी एकच गोष्ट घोकून घेते: डोळ्यात पाणी आलं नाही तर स्वॅब झाला नाही, परत घ्या.

हा नियम मी एकदाच मोडला, आणि तोही आमच्या बेलवलीच्या घरात, आईच्या नाकाशी.

आई धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण उशिरा येऊन चालत नाही. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक गोष्टीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणावं लागतं, आणि धवलारीण ते म्हणत नाही तोवर पुढचं काम अडून राहतं. धवला कुठे लिहिलेला नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. दुसरी समोर बसते, गुडघ्याला गुडघा लावून, आणि पहिलीच्या तोंडाकडे बघत राहते, कारण ओळ कुठे वळणार हे ओठांवरूनच कळतं. आई तिच्या आत्याच्या तोंडाकडे बघून अशीच शिकली. मी थोरली, पण माझा आवाज फाटका. मला हात मिळाला आणि धाकटीला गळा मिळाला, अशी आईने आमची वाटणी करून टाकली होती. वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून धाकटी बहीण आईच्या समोर बसायला लागली.

त्या मार्गशीर्षात मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामाचं घर अंबरनाथला, शिवमंदिरापासून पुढे. शेती बिल्डरला गेल्यावर मामाने तिथे बंगला बांधला, आणि मोठ्या मुलाच्या लग्नात "आता धवले कोण ऐकतंय" म्हणत नुसता डीजे लावला. त्या लग्नात आई पाहुणीसारखी खुर्चीवर बसून होती. घरी आल्यावर तिने लुगडं बदललं आणि जेवण नको म्हणाली. या वेळी मात्र नवरी मुलगीच हटून बसली की आत्याने धवला म्हटल्याशिवाय मी हळदीला बसणार नाही. मामा स्वतः बेलवलीला आला आणि त्याने आईच्या हातावर सुपारी ठेवली. आईने ती पदराच्या गाठीला बांधली. एकदा गाठ पडली की धवलारीण मागे फिरत नाही. फिरली तर नवरीला अपशकुन होतो असं आमच्यात सगळे मानतात. मी लॅबमधली बाई, मी मानते की नाही हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

हळद शनिवारी होती. गुरुवारी आई खोकायला लागली.

लॅबमध्ये त्या आठवड्यात फ्लूचे नमुने नुसते वाहत होते. म्हारळपासून, अंबरनाथच्या बुवापाड्यापासून लोक येत होते, अख्खी घरंच्या घरं. मी संध्याकाळी येताना पर्समध्ये एक रॅपिड किट टाकून आणलं. आई भाकऱ्या थापत होती. मी ओट्याला टेकून तिला समजावत बसले, कारण भीती घातल्याशिवाय ती ऐकत नाही हे मला ठाऊक आहे.

मी तिला सांगितलं की फ्लू म्हणजे एक रोग नाही, त्याची चार घरं आहेत. ए, बी, सी आणि डी. डी गुरांना होतो, त्याची आपल्याला चिंता नाही. सी म्हणजे साधी सर्दी, आठवडाभर शेंबूड. बी माणसांतच फिरतो, दरवर्षी येतो, पोरांना जास्त त्रास देतो. सगळ्यांत खोडसाळ तो ए. तो बदकांत राहतो, कोंबड्यांत राहतो, डुकरांत राहतो, आणि माणसांतही येतो. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एच नावाच्या काट्याने तो आपल्या पेशीला चिकटून आत शिरतो आणि एन नावाच्या काट्याने बाहेर सुटतो. हे काटे तो सारखे बदलत असतो, म्हणून गेल्या वर्षीची ओळख या वर्षी उपयोगी पडत नाही, आणि म्हणूनच लस दरवर्षी घ्यावी लागते.

आईने भाकरी उलटली. "म्हंजे भावकीच हाय ती," ती म्हणाली. "यो ए म्हंजे आपल्या मामासारका. दरसाल घराला नवा मजला चढवतो, वलखूच येत नाय."

मला हसू आलं, पण मी सोडलं नाही. हा पसरतो कसा, तेही सांगितलं. खोकताना, शिंकताना, नुसतं बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर पडतात, बारीक असतात ते बंद खोलीत तरंगत राहतात. गाणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा जास्त थेंब उडवतो, कारण तो छातीच्या तळापासून वारा सोडतो. ताप यायच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, पुढे पाच-सात दिवस देत राहतो. आणि पोटुशी बाईला हा जड जातो, तिची छाती आधीच भरलेली असते.

हे शेवटचं मी मुद्दाम बोलले. धाकटीला सातवा महिना होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, दोनदा आशा लागून सुटल्यावर, पहिल्यांदाच इतके दिवस टिकले होते. आणि शनिवारी तीच आईच्या समोर बसणार होती. दुसरं कुणी आईची ओळ उचलणारं उरलंच नव्हतं.

आईने तवा उतरवला. "मना काय झाला नाय. थंडीन गला बसलाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आन सुपारी परत करू? माज्या भावाच्या पोरीची?"

शुक्रवारी सकाळी मी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. डाव्या नाकपुडीत तिची फुली आहे, म्हणून मी उजवी घेतली. हनुवटी वर करायला लावली. काडी जेमतेम नखाएवढी आत गेली आणि तिने डोकं झटकन मागे घेतलं. मी थांबले. काडी अजून नाकपुडीच्या तोंडाशीच होती. लॅबमध्ये असते तर मी दुसऱ्या हाताने डोक्यामागे आधार दिला असता, "आणखी जरा, झालंच" म्हटलं असतं आणि आत गेले असते. हे मी दिवसातून चाळीस वेळा करते. त्या सकाळी मी तिथेच काडी दोनदा फिरवली आणि बाहेर काढली. आईचे डोळे कोरडे होते. मी ते पाहिलं. मी पाहिलं नाही असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत होते, पण मी पाहिलं.

काडी द्रावणात बुडवली, पट्टीवर थेंब टाकले, चहा ठेवला. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ होती, किट चालू असल्याची. ए पुढे काही नाही, बी पुढे काही नाही.

"काही नाही," मी म्हणाले. आईने पदराची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. मीही सुटल्यासारखी चहा प्याले. रॅपिड पट्टी नीट घेतलेल्या नमुन्यातही बरेचदा आजार हुकवते, हे मी लोकांना रोज सांगते. घरी सांगायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी मामाच्या अंगणात डीजेच्या पेट्या माणसाच्या उंचीच्या रचल्या होत्या. पूर्वी धवला मांडवातच व्हायचा, चारी बाजूंनी उघडा, वारा खेळता. आता पेट्यांपुढे आईचा आवाज कसा टिकणार? मामाने तोडगा काढला. बायकांना, नवरीला आणि हळदीच्या ताटाला घेऊन त्याने तळमजल्याच्या आतल्या खोलीत बसवलं, खिडक्यांच्या काचा लावून घेतल्या, दार ओढलं आणि एसी सुरू केला. आवाज बाहेरचा आत येईना, आतला बाहेर जाईना. सोळा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मामी मला म्हणाली, "वन्संना खोकला हाय ना?" मी सांगितलं, मी तपासलंय, काही नाही. हे ऐकून शेजारच्या दोघी जरा सरकल्या होत्या त्या परत जवळ आल्या.

आईने सुरुवात केली. धाकटी समोर मांडी घालायला जमेना म्हणून पाटावर पाय पसरून बसली होती, पोट दोन्ही हातांनी धरलेलं, डोळे आईच्या ओठांवर. आईचा आवाज आधी खरखरला, मग उघडला. खरं सांगते, मी इतका चांगला धवला तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मामाचा मोठा मुलगासुद्धा दार उघडून दोन मिनिटं उभा राहिला. मधूनमधून आई खोकायची, स्टीलच्या पेल्यातून कोमट पाण्याचा घोट घ्यायची, आणि धाकटी तोच पेला घेऊन आपला घसा ओला करायची. दोन-अडीच तास हे चाललं. माझ्या पर्समध्ये मास्क होते. मी दाराला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, टेस्ट निगेटिव्ह आहे.

सोमवारी दुपारनंतर धाकटीला ताप भरला. तिचं सासर अंबरनाथलाच. मंगळवारी सकाळी ती नवऱ्याबरोबर तिच्या नेहमीच्या डॉक्टर बाईंकडे गेली आणि घरी येऊन तिने मला फोन केला. "ताई, काळजी करू नको. डॉक्टर विचारत होत्या घरात कुणाला फ्लू आहे का. मी सांगितलं, आईला खोकला होता पण माझ्या बहिणीनेच टेस्ट केली, ती लॅबमध्ये आहे, निगेटिव्ह आलीय. मग त्या म्हणाल्या, साधं व्हायरल असेल, पॅरासिटामोल घ्या, दोन दिवस बघू."

मी लॅबच्या जिन्यात उभी होते. फ्लूच्या औषधाचं गणित मला पाठ आहे. पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग, मग तो तासातासाने कमी होतो. माझ्या एका "काही नाही"ने आता डॉक्टरांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधली होती. एवढंच बोलायचं होतं: आईचा स्वॅब नीट झाला नव्हता. "बरं," मी म्हणाले. "पाणी पीत राहा." आणि फोन ठेवला.

का, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. मी बोलले असते तर आईने धाकटीला फ्लू दिला असं ठरलं असतं, आणि मी तो देऊ दिला असंही. ताप उतरला असता तर काहीच बोलावं लागलं नसतं. मी तो दिवस ताप उतरायची वाट बघण्यात घालवला. त्या दिवसासाठी मला माझा अजून राग येतो.

बुधवारी सकाळी लॅब उघडली तेव्हा बाकावर पहिली बाई मामीच होती. डोळे लाल, शाल पांघरलेली. अंबरनाथमध्ये दहा लॅब असताना ती माझ्याकडे आली होती, माझ्या हाताला आली होती. मी काडी घातली, कानाच्या दिशेने, निम्म्यापर्यंत. मामीच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. पाचव्या मिनिटाला पट्टीवर ए पुढची रेघ गडद उमटली.

शेठ मागे येऊन उभे राहिले. "क्या हुआ बेटा? चेहरा क्यों उतर गया?"

मी त्यांना सगळं सांगितलं. किट घरी नेलं तिथपासून. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "पहले बहन को देख. बाकी सब बाद में."

स्कूटरवर अंबरनाथला पोहोचेपर्यंत मी देवाशी काय काय बोलले ते लिहीत नाही. धाकटी पलंगावर बसून होती, आडवं होता येत नव्हतं. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. मी पर्समधला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. एक्याण्णव. मी तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टर बाईंच्या केबिनमध्ये नंबर न लावता शिरले.

"डॉक्टर, माझ्या आईची निगेटिव्ह टेस्ट धरू नका," मी म्हणाले. "स्वॅब मीच घेतला होता. काडी आत गेलीच नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

धाकटी शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण तिच्याजवळ बोलायला श्वास नव्हता. डॉक्टर बाईंनी मला काही सुनावलं नाही. त्यांनी ताप कधी आला ते विचारलं, बोटांवर तास मोजले, चाळीसच्या वर निघाले. लगेच पहिली गोळी तिथेच दिली आणि हॉस्पिटलला फोन लावला. निघताना मात्र म्हणाल्या, "काल सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." यापेक्षा जास्त त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

हॉस्पिटल उल्हासनगरचं, आमच्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे मोठ्या तपासणीसाठी पुन्हा स्वॅब घ्यायचा होता. वॉर्डातली मुलगी काडी घेऊन आली तेव्हा धाकटीने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "ताईला घेऊ दे," ती म्हणाली. मी घेतला. काडी जायची तिथे गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. इन्फ्लुएन्झा ए, एच वन एन वन.

पुढचे पाच दिवस मी दोनच आकड्यांवर जगले. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजन आणि पोटाला लावलेल्या यंत्रातले बाळाचे ठोके. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजन शहाऐंशीला आला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. अजून खाली गेलं तर बाळ आत्ताच काढावं लागेल, ते म्हणाले, आणि सातव्या महिन्यातलं बाळ म्हणजे तुम्ही समजून घ्या. तिच्या नवऱ्याने कागदावर सही केली. पेन परत देताना तो मला म्हणाला, "ताई, तुमच्यावर आमचा भरवसा होता." त्याच्या आवाजात रागही नव्हता. मी जिन्यात जाऊन बसले आणि जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

आईला मी हॉस्पिटलला येऊ दिलं नाही. तिलाही डॉक्टर बाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या, ती बेलवलीला घरात एकटी होती. रोज सकाळी तिचा फोन यायचा. "खाल्ला का तिना?" एवढं विचारायची. कुणामुळे झालं, कसं झालं, एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला कळलेलं नाही. बरं आहे, मला वाटायचं.

चौथ्या दिवशी आकडा एकोणनव्वदवर थांबला, पाचव्या दिवशी त्र्याण्णव झाला. सहाव्या दिवशी धाकटीने भात मागितला. बाळ आतच राहिलं. ते पुढे सात आठवडे आत राहिलं आणि मग तरीही लवकरच आलं, मुलगी, दोन किलोचीही नाही. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण सासरच्यांनी पाठवलं नाही आणि मी तोंड वर करून मागितलंही नाही. आई नातीला बघायला गेली नाही. मी न्यायला तयार होते, तर म्हणाली, "नको. तिकडं माजा काय काम." फोनवरचे फोटो मात्र ती चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघायची. माघात तीन घरची माणसं सुपारी घेऊन आली. तिघांनाही तिने गळा गेला म्हणून परत पाठवलं. गळा गेला नव्हता, अंघोळीच्या वेळी मला ऐकू यायचा.

मार्चमध्ये एका रविवारी धाकटीचा फोन आला. "ताई, आज अकराला येतो. पोरीला घेऊन. आईला सांग, तिचं आवडतं काहीतरी करून ठेव."

आईने सकाळीच खोबऱ्याच्या वड्या थापल्या, दुपटं उन्हात टाकलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. दहा वाजता ती वड्या कापता कापता शिंकली. एकदाच. मग तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि स्वयंपाकघरातलं तेच स्टूल ओढून त्यावर बसली.

"काडी हाय ना घरात?" तिने विचारलं.

होती. त्या डिसेंबरपासून मी घरात किट ठेवते. मी हातमोजे घातले, पाकीट फाडलं, आणि मला राहवलं नाही. "आई, त्या वेळी ना, मी..."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मीच डोका मागं घेतला होता. लागला म्हनून नाय घेतला. तुजी काडी आत गेली तर हलद जाल माजी, म्हनून घेतला. मग बसून रायले, म्हटला ही आता परत घेल. तू घेतला नाय." तिने पदर सारखा केला. "मना बरा वाटला गो."

मी तिच्यासमोर हातात काडी घेऊन उभी होते. तीन महिने आम्ही दोघी एकाच घरात, एकाच ताटलीतली भाजी खात, तेच एक ओझं वेगवेगळं वाहत होतो. मला तिचा संताप आला, माझाही आला, आणि तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवावा असंही वाटलं. हातात मोजे होते, म्हणून फिरवला नाही.

"आता नीट घे," ती म्हणाली, आणि स्वतःच डोकं मागे भिंतीला टेकवलं.

काडी निम्म्यापर्यंत गेली. आईने स्टुलाच्या कडा धरल्या, पण मान हलवली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि सुरकुत्यांतून कानाकडे गेलं. मी काडी फिरवली, दहा अंक मोजले, बाहेर काढली.

पट्टी खिडकीत उजेडाला ठेवली. साडेदहा झाले होते. आई उठली नाही, तिने पदर नाकातोंडावर ओढून घेतला होता. दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग बी पुढे काहीतरी आलं. रेघ म्हणावी की नाही, इतकं फिकट. सरळ बघितलं तर दिसत नव्हतं, पट्टी तिरकी धरली की दिसत होतं. लॅबमध्ये फिकट रेघ ही रेघच असते, याबद्दल मी मुलींना दुसरं मत ठेवू देत नाही. पण ती माझी लॅब नव्हती. उन्हात दुपटं वाळत होतं, वड्या ताटात होत्या, आणि स्टुलावर माझी आई होती, जिने नात जन्मल्यापासून तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"काय आला?" तिने विचारलं.

"बी," मी म्हणाले.

"बी म्हंजे बारीकवाला ना गो?"

"तुला बारीक. तिला नाही."

खाली रिक्षा वाजली. धाकटी वेळेच्या आधीच आली होती. मी फोन लावला आणि सांगितलं, उतरू नको. का ते सांगितलं. या वेळी सगळं, एका दमात. मग ती म्हणाली, "आईला खिडकीत उभी कर."

आमचं घर पहिल्या मजल्यावर. मी खिडकीची एकच काच उघडी ठेवली होती, ती आईने पूर्ण लोटली आणि पुन्हा काय वाटलं कोण जाणे, बंद केली. काचेमागे उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी तोंडावर धरून. खाली धाकटी रिक्षातून उतरून दोन पावलं मागे गेली, रस्त्याच्या पलीकडे, गुलमोहराच्या सावलीत. तिने बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि पोरीला उंच, खिडकीच्या दिशेने धरलं. पोर झोपेतच होती. धाकटीचे हात भरून आले तेव्हा तिच्या नवऱ्याने खालून आधार दिला.

आई हलली नाही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं आलं की पदराच्या टोकाने पुसायची आणि पुन्हा बघायची.

"नाक बापाचा हाय," शेवटी ती म्हणाली.

मग रिक्षा वळली. आईने मला वड्यांचं ताट झाकून ठेवायला सांगितलं, "माज्या शिंकल्या हातच्या हायत, तिकडं पाठवू नको," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतःच दार लावून घेतलं.